लांकडी शिपायांपासून कादंबरीपर्यंत

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेच्या वाचनालयांतून नेलेलीं गोष्टींचीं पुस्तकें भराभर परत येऊं लागतात. त्यांपैकीं थोडींच मुलांनीं आपण होऊन परत केलेलीं असतात. बाकीचीं घरच्या वडील माणसांनीं त्यांच्या हातांतून काढून घेतलेलीं असतात. “गोष्टी वाचून कुठें पोट भरतें का?” हा प्रश्न आपल्या घरांतून फार जुना आहे, आणि तो विचारणाऱ्या पालकांची काळजीहि खोटी नाहीं. मुलानें गणित बाजूस सारून चांच्यांच्या व भुयारांच्या गोष्टींत रात्र घालविली, तर कोणत्या पित्यास चिंता वाटणार नाहीं? तथापि गोष्टींचें वाचन म्हणजे निव्वळ कालहरण, कीं त्यापासून मुलाच्या मनांत कांहीं टिकाऊ असें घडत असतें, याचा निर्णय रागाच्या भरांत न करितां एखाद्या खऱ्या उदाहरणावरून करावा, हें बरें. म्हणून आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सुमारें दोनशें वर्षांपूर्वींच्या इंग्लंडांतील एका धर्मोपदेशकाच्या घरीं घेऊन जाणार आहों. त्या घरांतील मुलांनीं काय वाचलें, वाचून काय केलें, आणि त्यांतून पुढें कादंबरीकार कसे निर्माण झाले, हें पाहिलें म्हणजे वरील प्रश्नाचें उत्तर बरेंचसें हातीं येईल.

इंग्लंडच्या उत्तर भागांत यॉर्कशायर परगण्यांत हॉवर्थ नांवाचें डोंगराळ गांव आहे. १८२० सालीं पॅट्रिक ब्राँटे हे तेथील चर्चचे पाळक म्हणून सहकुटुंब राहावयास आले. ते मूळचे आयर्लंडांतील गरीब घरांतले. स्वतःच्या कष्टांनीं शिकून ते केंब्रिजच्या विद्यापीठापर्यंत पोहोंचले होते. त्यांच्या घरापुढें कबरस्तान होतें आणि घरामागें वाऱ्यानें झोडपलेलें अफाट माळरान. पुढच्याच वर्षीं त्यांची पत्नी वारली आणि सहा लहान मुलें आईवांचून पोरकीं झालीं. मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल यांनीं येऊन घर सांभाळलें. १८२४ सालीं चार थोरल्या मुलींस धर्मोपदेशकांच्या मुलींसाठीं काढलेल्या एका दूरच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथील थंडी कडक, अन्न निकृष्ट व शिस्त कठोर होती. मारिया आणि एलिझाबेथ या दोघी क्षयानें खंगून घरीं आल्या व १८२५ च्या मे आणि जून महिन्यांत एकीमागून एक मरण पावल्या. मारिया अकरा वर्षांची होती, एलिझाबेथ दहा. मागें राहिलीं तीं चौघें: १८१६ सालीं जन्मलेली शार्लट, १८१७ सालचा एकुलता एक मुलगा ब्रॅनवेल, १८१८ सालची एमिली, आणि १८२० सालची धाकटी ॲन.

या चौघांचें बालपण दुःखांत गेलें, तरी तें रिकामें गेलें नाहीं, याचें मुख्य कारण पुस्तकें. घरची सांपत्तिक स्थिति बेताची होती. परंतु जीं पुस्तकें होतीं, त्यांच्या कपाटास वडिलांनीं कुलूप लाविलें नाहीं. बायबल तर नित्य वाचनांतच होतें. त्याखेरीज जॉन बनियनच्या यात्रेकरूची कथा, इसापाच्या गोष्टी, अरबी सुरस गोष्टी, वॉल्टर स्कॉटचीं पुस्तकें, आणि थॉमस ब्यूइक याच्या सुंदर चित्रांनीं भरलेला इंग्लंडांतील पक्ष्यांवरील ग्रंथ, हीं सर्व त्यांच्या हातीं आलीं. एक शेजारी ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ नांवाचें मासिक वाचावयास देत असे. वर्तमानपत्रें घरीं येत, आणि पार्लमेंटांतील वादविवादांविषयीं वडील मुलांशीं मोठ्या माणसांशीं बोलावें तसें बोलत. स्वयंपाकघरांत तॅबी नांवाची प्रौढ मोलकरीण होती. ती जुन्या काळच्या पऱ्यांच्या, भुतांच्या व आसपासच्या घराण्यांच्या कथा सांगे. मुलें चुलीपाशीं बसून त्या ऐकत. अशा रीतीनें छापील गोष्ट आणि तोंडी गोष्ट या दोन्हींचें पाणी त्या मुलांस मिळालें.

येथें एक गोष्ट आमच्या वाचकांस सांगण्यासारखी आहे. हॉवर्थच्या मुलांनीं १८२७ सालीं इसापाच्या गोष्टींवरून एक नवा खेळ रचला होता; आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं त्याच इसापाच्या नीतिकथा मराठींत आणल्या, तें साल १८२८. बनियनचा यात्रेकरूहि हरि केशवजी यांच्या लेखणीनें १८४१ सालीं ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें मराठी बोलूं लागला. म्हणजे जें खाद्य त्या मुलांच्या कल्पनेस मिळालें, त्यांतील कांहीं आपल्या पूर्वजांच्या मुलांपुढेंहि जवळ जवळ त्याच काळीं येऊन पडलें होतें.

परंतु पुस्तकें पुष्कळ मुलें वाचतात, आणि वाचणारीं सर्वच मुलें लेखक होत नाहींत. वाचल्यानंतर त्या चौघांनीं काय केलें, हें आतां पाहूं.

१८२६ च्या जून महिन्यांत वडील लीड्स शहरास गेले होते. येतांना त्यांनीं ब्रॅनवेलकरितां बारा लांकडी शिपायांची एक पेटी आणली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती पेटी घेऊन ब्रॅनवेल बहिणींच्या खोलीच्या दाराशीं आला. शार्लटनें उडी मारून त्यांतला एक शिपाई उचलला व हा माझा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, असें जाहीर केलें. हा वेलिंग्टन आपल्या इतिहासासहि परका नाहीं. १८०३ सालीं असईच्या लढाईंत शिंदे व भोसले यांच्या फौजेचा पराभव करणारा वेलस्ली तो हाच. ब्रॅनवेलनें आपल्या शिपायाचें नांव बोनापार्ट ठेविलें. एमिली आणि ॲन यांनींहि एकेक शिपाई निवडून घेतला. पुढें हे बारा वीर जहाजांत बसून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनीं तेथें ग्लास टाउन, म्हणजे काचेचें नगर, वसविलें. त्या राज्यावर संकट आलें म्हणजे चार महाबलाढ्य जिन्न आकाशांतून प्रगट होऊन मेलेल्या वीरांस जिवंत करीत. ते चार जिन्न म्हणजे अर्थातच तीं चार भावंडें!

आतां विद्यार्थ्यांनीं या खेळाची थोडी फोड करून पाहावी. वीरांचीं नांवें वर्तमानपत्रांतून व वडिलांच्या बोलण्यांतून आलीं. आफ्रिकेचा किनारा भूगोलाच्या पुस्तकांतून व मासिकांतून आला. जिन्न अरबी गोष्टींतून आले. सुटी सुटी पाहूं गेल्यास त्यांत नवी अशी एकहि वस्तु नाहीं, सर्व उसनें! तरीपण वेलिंग्टन, आफ्रिका आणि जिन्न यांना एका ठिकाणीं आणून बसविणारें पुस्तक जगांत कोठेंहि नव्हतें. तें त्या मुलांनीं निर्माण केलें. वाचनानें मुलाच्या मनांत सामान गोळा होतें. पण तें सामान जोडून त्यांतून घर उभें करण्याची हांव ज्या मुलास सुटते, तें मूल कथाकार होण्याच्या वाटेस लागलें असें समजावें. खेळ हा त्या वाटेवरचा पहिला मुक्काम होय.

दुसरा मुक्काम लेखनाचा. या शिपायांना वाचावयास पुस्तकें पाहिजेत, आणि तीं त्यांच्या हातांत मावतील एवढींच पाहिजेत, असें मुलांच्या मनानें घेतलें. म्हणून त्यांनीं कागदाचे लहान लहान तुकडे दुमडून व शिवून पुस्तकें तयार केलीं. कागद महाग असल्यामुळें वेष्टनास कधीं साखरेच्या पिशवीचाहि कागद वापरला. त्यांतलीं कांहीं पुस्तकें साडेतीन सेंटिमीटर रुंद व सहा सेंटिमीटर उंच एवढींच आहेत. अक्षर छापल्यासारखें आणि इतकें बारीक कीं मोठ्या माणसांस तें वाचणें कठीण जावें. ‘ब्लॅकवुड्स’ मासिकाचें अनुकरण करून त्यांनीं आपलें मासिक काढलें. त्यांत मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, गोष्टी, कविता, फार काय जाहिरातीसुद्धां असत! ३ ऑगस्ट १८३० पर्यंत आपण पुऱ्या केलेल्या पुस्तकांची एक यादी शार्लटनें करून ठेविली आहे. तींत बावीस पुस्तकें आहेत, आणि त्या वेळीं तिचें वय होतें चौदा वर्षांचें. हॉवर्थ येथील त्या घरांत आज वस्तुसंग्रहालय आहे. १८३० सालचा त्या मासिकाचा एक अंक २०१९ सालीं पॅरिस येथें लिलावास आला, तेव्हां त्या संग्रहालयानें तो सहा लक्ष युरो देऊन परत घरीं आणला. आगपेटीएवढ्या त्या अंकांत चार हजारांहून अधिक शब्द आहेत.

तो अंक आज मोलाचा ठरला. परंतु शार्लटला त्याचा खरा लाभ निराळाच झाला. अनुक्रमणिका करावयाची म्हणजे काय आधीं आणि काय नंतर, याचा विचार करावा लागतो. गोष्ट इवल्याशा पानांत बसवावयाची म्हणजे फापटपसारा सोडावा लागतो. आरंभ केला कीं शेवटहि करावा लागतो. हे धडे तिला कोणीं शिकविले नाहींत. आवडत्या मासिकाची नक्कल करितां करितां ते तिला मिळाले. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही असें सांगूं इच्छितों कीं, आवडत्या लेखकासारखें लिहावेंसें वाटलें तर त्यांत लाज मानूं नये. मूल चालावयास शिकतें तें मोठ्यांचें बोट धरूनच. मात्र दुसऱ्याची गोष्ट उतरवून काढून तिच्याखालीं आपलें नांव घालणें हें अनुकरण नव्हे, ती चोरी होय.

या सर्व काळांत वडिलांची वागणूक कशी होती, हेंहि पालकांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं शिपाई आणून दिले, पुस्तकें मोकळीं ठेविलीं, आणि मुलांच्या काचनगरांत ते डोकावले नाहींत. एकदां त्यांनीं शार्लटला एक कोरी वही दिली, आणि या वहींत जें लिहावयाचें तें चांगल्या, साध्या व वाचतां येईल अशा अक्षरांत लिहावें, एवढीच सूचना तींत लिहून ठेविली. काय लिहावें, याविषयीं एक शब्दहि नाहीं! बापानें मुलीच्या कल्पनेचा यापेक्षां अधिक मान तो काय राखावा?

येथवरची हकीकत वाचून कोणी विद्यार्थी म्हणेल, “तर मग आम्हीं गोष्टींतच रमून राहावें, हेंच ठरलें!” पण थांबा. या कथेचा उत्तरार्ध अजून उरला आहे, आणि पालकांच्या काळजीचें खरें स्थान तेथें आहे.

मुलें मोठीं झालीं, तसें काचनगरहि वाढलें. शार्लट व ब्रॅनवेल यांनीं त्यांतून अँग्रिया नांवाचें नवें साम्राज्य काढलें. एमिली व ॲन यांनीं वेगळ्या होऊन गोंडाल नांवाचें आपलें बेट वसविलें. १८३५ सालीं शार्लट रो हेड येथील शाळेंत शिक्षिका झाली. वर्गांत ती शरीरानें बसलेली असे, पण मन अँग्रियांत भटके. डोळ्यांपुढें राजवाडे व रणांगणें उभीं राहत, आणि इतक्यांत एखादी विद्यार्थिनी धडा घेऊन आली कीं तिला संताप येई. हें सारें तिनें त्या काळच्या आपल्या टिपणांत लिहून ठेविलें आहे. जो खेळ दुःखांतून वर येण्याचा आधार होता, तोच आतां जगापासून दूर नेणारी भूल होऊं पाहत होता. तिनें त्या वेळचे राजकवि रॉबर्ट सौदे यांस आपल्या कविता पाठविल्या. १८३७ सालीं त्यांचें उत्तर आलें. स्त्रीनें वाङ्मय हा आयुष्याचा व्यवसाय करूं नये, असें त्यांनीं तींत सांगितलें; त्यांचें तें मत पुढें शार्लटनेंच खोटें करून दाखविलें. परंतु त्याच पत्रांत त्यांनीं दुसराहि एक इशारा दिला होता. नित्य दिवास्वप्नांत राहणाऱ्यास रोजचें जग निःसत्त्व वाटूं लागतें, असा तो होता. आणि हा इशारा तिला लागू पडण्याजोगा होता.

१८३९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, शार्लटनें अँग्रियाचा निरोप घेतला. त्या निरोपाचें एक लहानसें टिपण उपलब्ध आहे. त्या भडक रंगांच्या प्रदेशांतून निघून आतां साध्या, सौम्य उजेडाच्या देशांत कांहीं काळ राहावें, असें ती म्हणते. पण जुनीं पात्रें सोडतांना जिवलग माणसांचें घर सोडून परक्या मुलखांत निघाल्यासारखें तिला वाटतें. लेखकाच्या आयुष्यांतील हा क्षण फार कठीण असतो. ज्या गोष्टींनीं आपणांस वाढविलें, त्यांच्या अंगणांतून बाहेर पडावयाचें असतें.

बाहेर पडल्याबरोबर यश आलें, असेंहि नाहीं. १८४६ सालीं तिन्ही बहिणींनीं पुरुषी वाटतील अशीं टोपणनांवें घेऊन कवितांचें एक पुस्तक छापलें. त्याच्या प्रथम दोनच प्रती खपल्या. शार्लटची पहिली कादंबरी प्रकाशकांमागून प्रकाशकांनीं परत केली. भडक रंगांचा वीट येऊन तिनें ती अगदींच रुक्ष लिहिली होती. त्यानंतर १८४७ च्या ऑक्टोबरांत ‘जेन एअर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिचें नांव सर्वत्र झालें.

त्या कादंबरीचा आरंभ आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावा. दहा वर्षांची अनाथ जेन मामीच्या घरीं खिडकींत पडद्याआड बसून एक पुस्तक पाहत आहे. तें पुस्तक कोणतें? तोच ब्यूइकचा पक्ष्यांवरील ग्रंथ! मामेभाऊ येऊन तेंच पुस्तक तिच्या अंगावर फेकतो, आणि ती आयुष्यांत प्रथमच अन्यायास उलट उत्तर देते. पुढें जेन ज्या शाळेंत जाते, तेथील थंडी व उपासमार शार्लटनें स्वतः सोसलेली होती. आणि तेथें क्षयानें मरणारी शांत, क्षमाशील हेलन बर्न्स ही दुसरी कोणी नसून शार्लटची वडील बहीण मारिया होय. बावीस वर्षें मनांत जपलेलें तें दुःख येथें शब्दांत उतरलें. आणि काचनगरहि सर्वस्वीं नाहींसें झालें नव्हतें. १८३० सालच्या त्या इवल्याशा अंकांत एका अपराधी माणसाच्या डोक्यांतील आगीनें पलंगाचे पडदे पेटतात. ‘जेन एअर’मध्येंहि एका रात्रीं पलंगाचे पडदे पेटलेले आपण पाहतों. लहानपणची अद्भुत कल्पना आणि लहानपणचें खरें दुःख, हे दोन प्रवाह जेथें एकत्र आले, तेथें कादंबरी जन्मास आली. नुसत्या कल्पनेनें अँग्रिया झाली. नुसत्या वास्तवानें ती परत आलेली कादंबरी झाली. दोहोंच्या मिलाफानें ‘जेन एअर’ झाली. आमच्या या लेखाचें सारें तात्पर्य एवढ्यांत आहे.

याच घरांत दुसरें एक उदाहरण आहे, आणि तें सांगतांना मन जड होतें. शिपायांची ती पेटी मूळची ब्रॅनवेलची. पुस्तकें तींच, खेळ तोच, लेखणीहि तितकीच चपळ. पण त्यानें अँग्रियाचा निरोप कधींच पुरता घेतला नाहीं. वर्तमानपत्रांत छापावयास दिलेल्या कवितांखालींहि तो त्या कल्पित राज्यांतील एका सरदाराचें नांव घाली. हातीं घेतलेल्या नोकऱ्या टिकल्या नाहींत, दारू व अफू यांनीं त्यास घेरलें, आणि १८४८ च्या सप्टेंबरांत वयाच्या एकतिसाव्या वर्षीं तो वारला. त्याच्या दुर्दैवाचीं कारणें अनेक होतीं. त्यांचा दोष गोष्टींच्या पुस्तकांवर ठेवणें अन्यायाचें होईल, कारण तींच पुस्तकें त्याच्या बहिणींनीं वाचलीं होतीं. वाचलेल्या गोष्टींतून बाहेर येऊन जगाकडे पाहण्याची वाट प्रत्येकास आपली आपणच शोधावी लागते, एवढेंच त्यावरून दिसतें. एमिलीनें ती वाट घरामागच्या माळरानांत शोधली. १८४७ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेली तिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही एकच कादंबरी आहे. पण त्या माळावरचा वारा आणि चुलीपाशीं ऐकलेल्या जुन्या घराण्यांच्या कथा यांचा सूर तींत वाचकांस ऐकूं येतो.

असें घडण्यास यॉर्कशायरच पाहिजे, असें कोणीं समजूं नये. आपल्या कोंकणांतील पालगड गांवीं १८९९ सालीं जन्मलेल्या साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. तींत श्याम आपल्या सोबत्यांस रोज रात्रीं आईची एकेक आठवण सांगत बसतो. तें पुस्तक वाचतांना लिहिणाऱ्यापेक्षां सांगणाराच आपल्यापुढें बसला आहे असें वाटतें. चुलीपाशीं तॅबीनें सांगितलेली गोष्ट काय आणि दिवेलागणीस आपल्या आजीनें सांगितलेली गोष्ट काय, मुलाच्या मनावर दोहोंचें काम एकच.

आतां थोडक्यांत दोन शब्द. विद्यार्थ्यांनो, वाचा, पण वाचून पुस्तक मिटूं नका. ती गोष्ट धाकट्या भावंडांस सांगून पाहा, तिचा शेवट बदलून पाहा, वहीच्या उरलेल्या पानांचें एखादें लहानसें पुस्तक शिवून त्यांत आपली गोष्ट लिहा. आणि ती लिहितांना राजवाड्याच्या जोडीस आपली आळी, आपलें घर, आपणांस झालेलें दुःख यांसहि जागा द्या, कारण तेवढेंच सामान असें आहे कीं जें दुसऱ्या कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं. अभ्यासाच्या वेळीं अभ्यास करावा, हें तर आम्ही सांगणारच. जेनच्या जन्मदात्रीनेंहि वर्गांत बसून राजवाडे पाहिल्याचा पश्चात्ताप केला होता.

पालकांस आमचें सांगणें याहून लहान आहे. मूल गोष्टीचें पुस्तक वाचतांना दिसल्यास, त्यांत काय आहे, एवढें प्रेमानें विचारावें, आणि तें सांगूं लागलें तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं कादंबरीकार निपजेल, असें वचन आम्हांस देतां येत नाहीं. परंतु ज्या घरीं मुलाची गोष्ट ऐकून घेतली जाते, त्या घरीं मूल आपलें दुःखहि बोलून दाखवितें, हा लाभ कांहीं लहान नव्हे. परीक्षेपुरतें पुस्तक काढून घेतलेंत, तर आमची तक्रार नाहीं. फक्त परीक्षा संपल्याच्या संध्याकाळीं तें आठवणीनें त्याच्या हातीं परत द्यावें, एवढीच विनंति आहे.